मायच्या अंगावरचं लुगडं

कोंसूची आणि माझी ओळख एका कोंबडीवरून झाली. लग्न होऊन मी वसईहून खारेपाड्यात आले, त्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. परसात वाळत घातलेल्या भातावर शेजारची एक तुरेवाली कोंबडी तुटून पडली. मी खडा मारला. कुंपणापलीकडून लगेच आवाज आला, "कोनाची गो सून तू? वसईला कोंबड्यांना दगडानं आवतण देतात काय?"

मी तरी कुठे कमी होते! म्हटलं, "वसईला कोंबड्या आपल्या मालकिणीच्या दारात चरतात."

ती कुंपणापाशी आली. उंच, हाडापेराने भक्कम, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कानांत सोन्याची जड फुलं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "जीभ हाय तुला. बरं झालं. या गावात मी येकटीच बोलून बोलून दमले." त्याच संध्याकाळी तिने माझ्या सासूकडे दोन अंडी पाठवली. सासू म्हणाली, "कोंसूनं अंडी दिली? जप बाय, तुज्याकडं कायतरी काम असंल तिचं."

सासूचं खरं ठरलं, पण त्याला दोन वर्षं लागली.

खारेपाडा म्हणजे तारापूरच्या खाडीच्या अलीकडचा आमचा छोटासा ख्रिस्ती पाडा. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मधे आमचं देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, पूर्वीपासून. कोंसूचा नवरा इनास मिठागरावर कामाला होता. तो तरणाताठाच गेला आणि मागे ठेवून गेला एक मुलगा, साव्हेर. कोंसूने भात लावलं, कोंबड्या पाळल्या, डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात अंडी विकली आणि पोराला वाढवलं. पुढे तारापूरला अणुशक्तीचं काम निघालं, परगावचे इंजिनियर, कारकून, मजूर यांची रीघ लागली, तेव्हा हिने अंड्यांचा भाव चढवला. मी म्हटलं, "कोंसू, पाप लागेल." ती म्हणाली, "ते येवडी वीज करनार, मी येक अंडं महाग केलं तर काय बिगाडलं?" तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटून घेणं. डोकं आपलंच फुटायचं.

नाकावर माशी बसू न देणाऱ्या ह्या बाईला सगळं गाव वचकून असे. आणि तरीही वर्षातून एकदा गावातली एखादी बाई दिवेलागणीला, डोक्यावरून पदर घेऊन, गुपचूप तिच्या मागल्या दाराशी यायची, पायरीवर काहीतरी ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची. ते का, हे सांगायचं तर आधी मायचं सांगायला हवं.

माय म्हणजे आमची दुःखी माता. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मेलेल्या ख्रिस्ताच्या मागून तिची पालखी निघते. काळा मखमली झगा, डोक्यावरून पायघोळ ओढणी, हात एकमेकांत गुंतवलेले आणि गालांवर रंगवलेले अश्रू. माझ्यासारखी परगावची बाई पहिल्यांदा बघते तेव्हा तिला वाटतं, एक उंच बाई आपल्या पोराच्या मयताला चालली आहे. पण खरं सांगायचं तर मायला अंगच नाही. लाकडात कोरलेलं तोंड आहे आणि दोन हात आहेत, बस्स. खाली नुसत्या लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. पोर्तुगिजांच्या काळी अशाच मूर्ती घडवत, मिरवणुकीसाठी. खांद्यावर घ्यायला हलकी आणि सणाप्रमाणे कपडे बदलायला सोपी. देवळात कायमच्या उभ्या राहणाऱ्या मूर्तीला अंग असतं. जिला रस्त्याने चालायचं असतं, तिला कपड्यांनीच अंग द्यावं लागतं.

मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला तेव्हा पाद्री पळाले, देऊळ ओस पडलं. म्हातारी माणसं सांगत की शेजारच्या हिंदू शेतकऱ्याने मायचं तोंड आणि हात उचलून आपल्या भाताच्या कणगीत लपवले. खरंखोटं मायच जाणे, पण त्या घरची मैनाबाई अजून मिरवणूक दारात आली की मायला पहिला हार घालायची, आणि तो घातल्याशिवाय पालखी पुढे हलत नसे. बऱ्याच वर्षांनी देऊळ पुन्हा उभं राहिलं तेव्हा माय कणगीतून बाहेर आली. पण तिचे रेशमी कपडे कधीच गेले होते. सांगाडा नवा केला, पण नेसवायचं काय? तेव्हा गावातल्या एका बाईने, जिचं मूल नुकतंच गेलं होतं, आपल्या अंगावरचं लुगडं सोडून दिलं. माय ते लुगडं नेसून रस्त्यावर आली.

पुढे मखमली झगा आला, ओढणी आली, पण आतलं लुगडं राहिलं. त्याची रीतच पडली. ज्या बाईच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं असेल तिने राखेच्या बुधवारी, चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्या संध्याकाळी, आपलं वापरातलं लुगडं मायच्या नेसवणारीच्या पायरीवर ठेवायचं. नवं चालत नाही. पाच-सहा आली तर त्यातलं एक नेसवणारी निवडते. ते झग्याच्या आत, थेट पट्ट्यांना गुंडाळलं जातं आणि तिथे वर्षभर राहतं. कोणाचं निवडलं हे कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी ते सोडून त्या बाईला परत करायचं. त्या दिवसापासून तिने लग्नाला जावं, लाल नेसावं, हसावं. मायने वर्षभर तिचं दुःख अंगावर वागवलं, आता तिने ते खाली ठेवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

नेसवणं तुस्कानोंच्या, म्हणजे कोंसूच्या सासरच्या घराकडे होतं, सासूकडून सुनेकडे. कोंसूच्या सासूने मरताना मायच्या कपड्यांच्या पेटाऱ्याची किल्ली तिच्या हाती दिली आणि एकच सांगितलं: नेसवणारीने आपल्या घरचं लुगडं कधी ठेवायचं नाही. निवडणारीनेच आपलं पुढे केलं तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? इनास गेला त्या वर्षीही कोंसूने दुसऱ्या एका बाईचं लुगडं निवडलं. ज्यांची निवडली नाहीत त्यांची ती स्वतः परत नेऊन द्यायची, आणि त्या घरी बसून काय बोलायची कोण जाणे, पण एकही बाई कधी रुसली नाही. बाजारात गिऱ्हाइकाला फाडून खाणारी हीच का ती, असा प्रश्न पडावा.

ओळखीला दोन वर्षं झाल्यावर मला तिने बोलावलं ते मायला नेसवताना टाचण्या हातात द्यायला. "मलाच का गो?" मी विचारलं. "तू रडूबाई नाय. आणि वसईची हायस, इथल्या कोनाची चुलतबहीन नाय. आत बगशील ते भाएर नेनार नायस." आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, दुपारी वेदीमागच्या खोलीत आम्ही दोघी दार लावून घ्यायचो. पुरुषांना तिथे मज्जाव, पाद्रीलासुद्धा. तिथे कोंसू एक शब्द बोलत नसे. हात पुढे आला की टाचणी द्यायची, एवढंच माझं काम. जुनं लुगडं सोडताना ती पट्ट्यांवरून फडका फिरवायची, अगदी सावकाश, बाळंतिणीचं अंग पुसतात तसा.

सहासष्ट साली आमच्याकडे फादर रेमंड आले. तिशीही न गाठलेला, काटक माणूस. सायकलवर औषधांची पिशवी लावून वारली पाड्यांवर जायचा. रोमला मोठी परिषद भरून गेली होती, प्रार्थना लॅटिनमधून मराठीत आली होती, आणि फादर आम्हाला समजावून सांगायचे की देव आपलीच भाषा बोलतो. मला ते आवडायचं. कोंसू म्हणायची, "देव मराठी बोलतो ते आमाला आदीच म्हाईत होतं. पाद्रींनाच आता कळलं."

त्या वर्षीच्या मिरवणुकीत खाडीवरून वावटळ उठली आणि मायचा झगा पार कमरेपर्यंत उडाला. आतलं ठिगळाचं लुगडं दिसलं, खालच्या पट्ट्या दिसल्या. अणुशक्तीच्या वसाहतीतली शिकलेली मंडळी पहिल्यांदाच मिरवणुकीला आली होती. त्यातलं कोणीतरी मोठ्याने हसलं आणि म्हणालं, हा तर कोंबड्यांचा खुराडा! कोंसूने पुढे होऊन झगा ओढून धरला आणि तशीच, वाकून, झगा धरून, खाडीवरच्या क्रुसापर्यंत चालली. फादर मान खाली घालून चालत होते. ते हसणं त्यांच्या फार मनाला लागलं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या पावसाळ्यात साव्हेरला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग उतार पडेल म्हणून वाट पाहणं झालं. शेवटी फादरनीच कुठूनशी जीप मिळवली आणि चिखलातून त्याला पालघरला नेलं. पण फार उशीर झाला होता. बाविसाव्या वर्षी कोंसूचा एकुलता एक मुलगा गेला. फादर रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. त्यामुळे पुढे जे झालं त्यात कोंसूला त्यांचा धड रागही करता येईना.

साव्हेरला माती दिली त्या दिवशी कोंसू रडली नाही. दुसऱ्या दिवशी उठून तिने कोंबड्यांना दाणे टाकले. लोक म्हणाले, दगडाची आहे. मी शेजारीण, मला दिसायचं: ती स्वयंपाक दोघांचा करायची आणि साव्हेरचा वाटा कोंबड्यांना घालायची. बोलणं कमी झालं नाही, उलट वाढलं. दिवसभर भांडायची, वाऱ्याशी, शेळ्यांशी, माझ्याशी. मला तिची भीती वाटायला लागली.

नाताळनंतर फादरनी देवळात जाहीर केलं. येत्या गुड फ्रायडेला मायची शेवटची मिरवणूक. पुढल्या वर्षापासून नुसता क्रूस निघेल. मायला पेटीत घालून मुंबईला जुन्या वस्तूंच्या संग्रहात पाठवायचं, तिथे तिची नीट निगा राहील. ते कठोरपणे बोलले नाहीत. म्हणाले, "आपली श्रद्धा कापडावर उभी राहायला नको."

कोंसू प्रार्थना संपल्यावर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "फादर, कापडावरच उबी हाय ती. कापड काडलं तर पट्ट्याच हायत, तुमी बगितल्यात."

"म्हणूनच सांगतो, कोंसूबाई. लोक हसतात."

"हसू द्या की. लोक मरतात बी."

पण निर्णय फिरला नाही.

आता गावातल्या बायकांच्या लक्षात आलं की ही शेवटची वेळ. कोंसूच्या हातात किल्ली आहे तोवर तिचं लुगडं मायच्या अंगावर जाणार नाही, आणि पुढल्या वर्षी माय असणार नाही. म्हणजे ह्या एका बाईचं दुःख कोणी उचलायचंच राहणार. विहिरीवर बोलणं निघालं. त्या वर्षी गावात आणखीही मरणं झाली होती. उर्सूलचा नवरा गेला होता, दुसऱ्या एकीची सून बाळंतपणात गेली होती. उर्सूल म्हणजे कोंसूशी बांधावरून सात वर्षं अबोला धरलेली बाई. तीच म्हणाली, "आपन कोनीच ठेवायचं नाय. पायरी रिकामी राहिली की ती कोनाचं निवडंल? माय उगडी तर ठेवनार नाय. आपलंच नेसवंल." सगळ्यांना पटलं. असं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. आपापलं दुःख मायकडे द्यायची शेवटची संधी त्या बायकांनी कोंसूसाठी सोडून दिली, आणि तिला सांगायचं नाही अशी शपथ घातली. सांगितलं असतं तर तिने प्रत्येकीच्या घरी जाऊन लुगडं ओढून आणलं असतं.

राखेच्या बुधवारी कोंसू मागल्या दारात बसली. कपाळावर राखेचा क्रूस. मी कुंपणापलीकडून बघत होते. दिवे लागले. कोणी आलं नाही. ती उठून पायरीवर आली, रस्त्याकडे पाहिलं, परत बसली. मग मला हाक मारली, "फिलू, आज बुदवारच ना गो?"

"बुधवारच."

"मंग बाया कुटं मेल्या?"

तिचा चेहरा पडला. इनास गेला, साव्हेर गेला, तेव्हा न पडलेला चेहरा त्या रिकाम्या पायरीपुढे पडला. म्हणाली, "कळलं. फादरनी सांगितलं आणि गावानं मायला सोडलं. माय पेटीत जायच्या आदीच सोडली रांडांनी."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आम्हा ख्रिस्ती बायकांनाही लागू पडते. शपथ मोडावी की काय, असा विचार मी करत होते, तेवढ्यात अंगणात नवसी आली.

नवसी वारल्यांची. कोंसूच्या खाचरात लावणीला आणि कापणीला यायची. तिची तीन वर्षांची पोर दिवाळीच्या सुमारास तापाने गेली होती. कामावर येऊन येऊन तिने दरवर्षी त्या पायरीवर लुगडी ठेवलेली पाहिली होती. तिला आमच्या विहिरीवरची शपथ कोण सांगणार? ती आली ती उजळ माथ्याने, पुढल्या अंगणातून, हातात एक विरलेलं आखूड लुगडं घेऊन. वारली बायका गुडघ्यापर्यंत नेसतात, तेवढंच.

"कोंसूबाय, तुजी माय दुसऱ्याचं नेसते ना?"

"नेसते."

"माजं नेसल काय? मी तुमच्यातली नाय. पन पोर माजीच होती."

कोंसूने हात पुढे केला. लुगडं छातीशी धरलं आणि नवसीला म्हणाली, "बस. च्या ठेवते."

दुसऱ्या दिवशी बायकांमध्ये रणकंदन झालं. उर्सूल मला म्हणाली, जाऊन सांग तिला, अजून वेळ आहे. मी गेले. पण खरं कारण सांगायची शपथ. म्हणून भलतंच बोलले, की नवसी ख्रिस्ती नाही, तिचं कसं चालेल. कोंसू माझ्यावर अशी उसळली! "मायला कनगीत लपवली कोनी? बाप्तिस्मा इचारून लपवली काय? मैनाबाईचा हार चालतो तुमाला, नवसीचं लुगडं नाय चालत? आनि तुमचं कुटं हाय लुगडं? दाव ना!"

आज्ञा गुरुवारी आम्ही मायला नेसवलं. नवसीचं लुगडं सांगाड्याला पुरेना. छातीपासून गुडघ्यापर्यंत आलं, खालच्या पट्ट्या उघड्याच. मी म्हटलं, खाली दुसरं काही जोडू या का? तुझंच जोड, असं माझ्या ओठांवर होतं. कोंसूने मान हलवली. "तिचं हाय तेवडंच हाय." वरून झगा घातला. त्या शुक्रवारी वारा पडलेला होता. नवसी मिरवणुकीच्या कडेने, रस्ता सोडून बांधावरून, शेवटपर्यंत चालत आली.

संध्याकाळी परत येताना मला राहवलं नाही. माय तर शेवटची निघून झाली, आता कसली शपथ! मी सगळं सांगून टाकलं. उर्सूलने काढलेली युक्ती, रिकामी पायरी, सगळं. आणि रागाने म्हटलं, "तुझ्यासाठी गावाने जागा सोडली आणि तू ती दुसरीला दिलीस."

कोंसू रस्त्यातच थांबली. म्हणाली, "उर्सूल म्हनाली असं?"

"उर्सूलच."

"मला वाटलं तुमी मायला सोडलं." मग पदराने तोंड पुसलं. "बरं झालं मला म्हाईत नव्हतं, फिलू. म्हाईत असतं तर मी माजंच नेसवलं असतं. आनि नवसीला दारातून परत लावली असती. लावलीच असती गो, मी काय सादुसंत नाय." दुसऱ्या दिवशी ती उर्सूलच्या घरी एक कोंबडी घेऊन गेली. त्यावर दोघी बोलल्या काय नि भांडल्या काय, पण कोंबडी परत आली नाही.

माय झग्यासकट वेदीमागच्या खोलीत पेटीत गेली. मुंबईहून गाडी यायची ती पावसाआधी येईना, मग पावसात येईना, असं करत वर्ष सरलं. अडुसष्टच्या गुड फ्रायडेला नुसता क्रूस निघायचा होता. आज्ञा गुरुवारी सकाळी कोंसू नवसीला आणि मला घेऊन फादरकडे गेली.

"फादर, पेटी उगडा. एका बाईचं कापड परत द्यायचंय."

फादरना ही रीत तोवर ठाऊकच नव्हती. बायकांच्या गोष्टी, कोणी सांगितल्या असतील? ते म्हणाले, "कोणतं कापड?" कोंसूने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, त्यात साव्हेरचं नाव नव्हतं. फादर नवसीकडे बघत राहिले. त्यांच्या औषधाच्या पिशवीने तिची पोर वाचली नव्हती, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी स्वतः पेटीचे खिळे काढले आणि दार लावून बाहेर गेले.

आम्ही मायला उभी केली. कोंसूने लुगडं सोडलं, घडी केली आणि नवसीच्या हातात ठेवलं. "वरीस झालं. आता तू लाल नेस." नवसीने लुगडं तोंडाला लावलं आणि खाली बसली.

माय नुसत्या पट्ट्यांवर उभी होती. मी झगा उचलला. कोंसू म्हणाली, "थांब." तिने कनवटीची किल्ली काढली, बाहेर जाऊन फादरच्या हातात दिली. "आता मिरवनूक नाय, म्हनजे नेसवनारी बी नाय. किल्ली तुमची." फादरनी ती घेतली. तिला नको म्हणायचं कसं, हेही त्यांना कळलं नसावं.

मग ती देवळाला वळसा घालून गेली. आम्हाला वाटलं, घरी गेली. जरा वेळाने फादरनी मला हाक मारली. त्यांच्या घराच्या मागल्या पायरीवर एक लुगडं घडी करून ठेवलं होतं. मी ओळखलं. साव्हेरला माती दिली त्या दिवशी तिच्या अंगावर होतं ते. कोंसू दूर चिंचेखाली पाठमोरी उभी होती, इतर बायका उभ्या राहायच्या तशी, डोक्यावरून पदर घेऊन.

"हे माझ्या दारात का?" फादरनी मला विचारलं.

"किल्ली तुमच्याकडे आहे, फादर. निवडायचं आता तुम्ही."

ज्या मुलाच्या उशाशी ते रात्रभर बसले होते त्याच्या आईचं ते लुगडं होतं. त्यांनी विचारलं, "हे घेतलं तर परत केव्हा द्यायचं?"

"वर्षाने."

"म्हणजे पेटी वर्षभर कुठे पाठवता येणार नाही."

"नाही येणार."

"आणि पुढल्या वर्षी ह्या पायरीवर आणखी कोणाचं आलं तर?"

मी म्हटलं, "माणसं मरायची थांबली तर येणार नाही."

फादर वाकले. दोन्ही हातांनी लुगडं उचललं आणि खोलीत आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मला नेसवता येत नाही, फिलूबाई. तुम्ही दोघी नेसवा. मी बाहेर बसतो." दारात थांबून त्यांनी नवसीकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

नवसीने पट्ट्यांवरून फडका फिरवला. मी लुगडं गुंडाळायला घेतलं. हे सगळं कोंसूच्या हातांना पाठ होतं, माझ्या नव्हतं. दोनदा चुकलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी मला वाटलं, गुरं हंबरताहेत. ती कोंसू होती. फादर चिंचेखाली तिच्यापाशी गेले असतील, काय बोलले असतील देव जाणे. ती साव्हेरला हाका मारत होती. पावणेदोन वर्षांत जे नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं ते आता थांबेना. साव्हेर, माज्या साव्हेर, म्हणून मोठमोठ्याने रडत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबल्या असाव्यात, कारण त्यांचेही आवाज येऊ लागले, आणि त्यात मला उर्सूलचा आवाज ओळखू आला.

मी घाईघाईने कमरेशी गाठ मारली. नवसीने ती बोटाने चाचपून पाहिली.

"आजून आवळ," ती म्हणाली. "वरीसभर धरायचंय तिला."